‘यू ऑलराइट?’ला उत्तर काय द्यायचं: ब्रिटनमधली बोली आणि रोजचे रिवाज

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये येणाऱ्या मराठी माणसाचं इंग्रजी बहुतेक वेळा चांगलंच असतं. अडतं ते दोन ठिकाणी. आपल्याकडे आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘एक चहा द्या’ म्हटलं की पुरे. वर ‘कृपया’ लावलं तर सरकारी पाटी वाचल्यासारखं वाटतं. हेच इंग्रजीत ‘गिव्ह मी वन टी’ असं उतरतं आणि काउंटरमागच्या मुलीला तो हुकूम वाटतो. दुसरी अडचण अशी की इथली माणसं मनात असतं त्यापेक्षा बरंच कमी बोलतात आणि उरलेलं समोरच्याने ओळखावं अशी त्यांची अपेक्षा असते. पुढची माहिती नव्या माणसाला साधारण ज्या क्रमाने लागते, त्या क्रमाने दिली आहे.

पहिला आठवडा: भेटणं, मागणं, नको म्हणणं

‘यू ऑलराइट?’ किंवा नुसतं ‘ऑलराइट?’ ही तब्येतीची चौकशी नव्हे, नमस्कार आहे. उत्तर ‘या, यू?’ एवढंच द्यायचं, तेही चालता चालता. थांबून सर्दी-खोकल्याची हकीकत सांगितली तर समोरचा ऐकून घेईल, पण अवघडेल. दुकानात कामगाराने हेच विचारलं तर अर्थ ‘काय हवंय?’ असा असतो. तिथे थेट काम सांगायचं. खरी चौकशी ओळखायची खूण म्हणजे माणूस थांबतो, तुमच्याकडे बघतो आणि ‘आर यू ओके?’ असं सावकाश विचारतो.

काही मागताना एकच साचा पाठ करा: ‘कॅन आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ यातला ‘प्लीज’ गाळला तर बाकी वाक्य कितीही गोड म्हणा, उपयोग नाही. कॉफी हातात आली की ‘थँक यू’, पैसे देऊन झाले की ‘चिअर्स’ किंवा ‘टा’. एका कॉफीला तीनदा आभार मानले तरी कोणाला ते जास्त वाटत नाहीत. बसमधून उतरताना चालकालाही म्हणतात. ब्रिस्टलमध्ये त्याचं ‘चिअर्स ड्राइव्ह’ असं ठरलेलं रूप आहे.

‘सॉरी’ची कामं बरीच आहेत. प्रश्नार्थक ‘सॉरी?’ म्हणजे ऐकू आलं नाही, परत बोला. ‘सॉरी, कॅन आय जस्ट…’ म्हणजे जरा सरका. कोणी तुमच्या पायावर पाय दिला तर तुम्हीही ‘सॉरी’ म्हणायचं. त्यात चूक कोणाची याचा निवाडा नसतो.

आता आग्रह. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतं, यजमान दोन-तीनदा विचारणार हे दोघांनाही माहीत असतं. इथे ‘नो, थँक्स’ म्हटलंत की विषय संपला, प्लेट पुन्हा फिरत नाही. भूक असेल तर पहिल्या फेरीलाच ‘यस, प्लीज’ म्हणा. उलट बाजूने, तुमच्या घरी आलेल्या इंग्रज पाहुण्याला तिसऱ्यांदा पोळी वाढली तर तो घाबरतो. आणखी एक खाचखळगा: ‘आय अ‍ॅम ऑलराइट, थँक्स’ याचा अर्थ ‘नको’ असा आहे. ‘गो ऑन, देन’ म्हणजे मात्र ‘हो, द्या’. होकाराला आपण मान डावी-उजवीकडे डोलावतो ती कोणालाच कळत नाही. तोंडाने सांगा.

अनोळखी बाई तुम्हाला ‘लव्ह’ म्हणाली तर त्यात काही नसतं. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोककडे ‘डक’, न्यूकॅसलला ‘पेट’, बर्मिंगहॅमला ‘बॅब’, ग्लासगोत बायकांना ‘हेन’, कॉर्नवॉलकडे तर थेट ‘माय लव्हर’. हे शब्द ऐकायचे; नव्या माणसाने, विशेषतः पुरुषाने, उलट वापरायला जाऊ नये. ‘सर’ आणि ‘मिस’ शाळेत चालतात. विद्यापीठात प्राध्यापकाला आणि कचेरीत वरिष्ठाला पहिल्या नावानेच हाक मारायची असते. जीभ वळत नसेल तर सुरुवातीला ईमेलमध्ये तरी तसं लिहा. ‘रिस्पेक्टेड सर’ वाचून लोक गोंधळतात.

आपलं इंग्रजी, त्यांचं इंग्रजी

काही शब्द आपण इतक्या सहज वापरतो की ते भारतीय आहेत हे लक्षातच येत नाही. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाही, ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘आय पास्ड आउट इन २०२२’ म्हणजे त्या साली तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘मगिंग’ म्हणजे घोकंपट्टी नव्हे, रस्त्यावरची लूटमार. ‘प्रीपोन’ कळत नाही, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावं लागतं. ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, उत्तराला ‘रिप्लाय’. आणि सहकाऱ्याला ‘लेट्स गो टू अ हॉटेल’ असं कधीच म्हणू नका. हॉटेल म्हणजे फक्त मुक्कामाची जागा. जेवायची जागा ‘रेस्टॉरंट’, साधी असेल तर ‘कॅफे’. ‘पँट्स’ही आत घालायच्या, बाहेरच्या त्या ‘ट्राउझर्स’.

काही शब्द त्यांचेच फसवे आहेत. ‘सर्जरी’ म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, तिथे शस्त्रक्रिया होतेच असं नाही. पत्ता बदलला की जवळच्या सर्जरीत लगेच नाव नोंदवून टाका, आजारी पडेपर्यंत थांबू नका. ‘पुअर्ली’ म्हणजे आजारी. ‘आय वॉज सिक’ म्हणजे बहुधा उलटी झाली. तातडीचं पण जीवावरचं नसेल तर १११, जीवावरचं असेल तर ९९९. ‘पब्लिक स्कूल’ ही महागडी खासगी शाळा असते. सरकारी ती ‘स्टेट स्कूल’. ‘सबवे’ म्हणजे रस्त्याखालचा पादचारी बोगदा, ग्लासगोत मात्र खरोखरची भुयारी रेल्वे.

वेळेचं सोपं आहे. ‘हाफ सिक्स’ म्हणजे साडेसहा. ‘फोर्टनाइट’ म्हणजे पंधरवडा. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येता की त्यापुढचा, यावर इंग्रजांमध्येही एकमत नाही. तारीख विचारून घ्या. पौंडाला ‘क्विड’, आणि त्याचं अनेकवचन होत नाही: ‘टेन क्विड’. पाचाची नोट ‘फायव्हर’, दहाची ‘टेनर’, हजाराला ‘ग्रँड’. माणसाचं वजन ‘स्टोन’मध्ये सांगतात, एक स्टोन म्हणजे चौदा पौंड, सुमारे ६.३५ किलो.

रांग, जिना, रस्ता

रांग दिसत नसली तरी ती असते. बसथांब्यावर माणसं विखुरलेली असली तरी प्रत्येकाला कोण आधी आलं हे ठाऊक असतं. शंका आली तर ‘आर यू इन द क्यू?’ हा प्रश्न कुठेही चालतो. बस आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका, हात पुढे करून थांबवावी लागते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड चढताना एकदाच टेकवायचं. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा, आणि तेच कार्ड. आत फोन टेकवला आणि बाहेर कार्ड, तर दोन अपुरे प्रवास धरले जातात आणि दोन्हींचे जास्तीत जास्त पैसे कापले जातात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

गाडी चालवणाऱ्याने दिवा मारला की आपल्याकडे अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’. इथे व्यवहारात बहुतेकदा नेमका उलटा: ‘तू जा’. वाहतुकीच्या नियमपुस्तकात मात्र दिव्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच दिलाय, म्हणून दिवा दिसला तरी स्वतः बघूनच निघा. वाट दिली की हात वर करून आभार मानायचे. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवणं नियमबाह्य आहे आणि एरवीही तो शिवीसारखा घेतला जातो. बोटांनी ‘दोन’ दाखवताना तळहात समोरच्याकडे ठेवा. हाताची मागची बाजू समोर करून दोन बोटं उभी केली तर ती घाणेरडी खूण होते, मग तुम्हाला फक्त दोन समोसे हवे असले तरी.

पब

पबमध्ये न जाणाऱ्याला ब्रिटनमधली मैत्री अर्धीच कळते, आणि त्यासाठी दारू प्यायलाच हवी असं नाही. ‘लाइम अँड सोडा’ स्वस्त पडतं. ‘लेमनेड’ मागितलंत तर लिंबाचं सरबत येत नाही, फसफसणारं रंगहीन गोड पेय येतं. मात्र रिवाज सगळ्यांना सारखेच लागू होतात.

टेबलावर बसून कोणी येईल याची वाट बघू नका. साध्या पबमध्ये बारवर जाऊनच मागवायचं असतं. तिथे पोचलात की काउंटरला टेकून उभे राहा, कार्ड हातात दिसेल असं धरा आणि बारवाल्याशी नजरानजर होऊ द्या. चुटकी, शिट्टी, नोट हलवणं, हाका मारणं यातलं काहीही केलंत तर तो तुम्हाला मुद्दाम शेवटी घेईल. त्याने ‘हूज नेक्स्ट?’ विचारलं आणि शेजारचा तुमच्या आधी आलेला असेल, तर हाताने त्याच्याकडे दाखवा. पुढच्या खेपेला तो तुमच्यासाठी तेच करतो.

मागणी एकदम सांगायची, एकेक आठवत आठवत सांगायची नाही. गिनेस असेल तर ती पहिली सांगा, कारण ती दोन टप्प्यांत भरतात आणि मधे मिनिटभर स्थिर होऊ देतात. शेवटी सांगितली तर बाकीचे ग्लास तोवर ताटकळतात. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अर्धा हवा असेल तर नुसतं ‘अ हाफ’. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिलिलिटरची. आकार न सांगता ‘ग्लास’ मागितला तर बऱ्याच ठिकाणी १७५ची मिळते. व्हिस्की-जिनचं एक माप २५ किंवा ३५ मिलिलिटर. आपल्या ‘लार्ज’ पेगच्या हिशेबाने ते अर्ध्याच्या आसपास भरतं. वयाची अट अठरा, पण पंचविशीच्या आतले दिसलात तर पुरावा मागतात. भारतीय वाहन परवाना अनेक ठिकाणी चालत नाही. पासपोर्ट चालतो, पण रोज खिशात घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून ‘पास’ (PASS) या वयाच्या पुराव्याच्या मान्यताप्राप्त योजनेचा होलोग्राम असलेलं कार्ड काढून घ्यावं.

आता ‘राउंड’. चौघं गेलात तर पहिल्याने चौघांचं आणायचं, मग दुसऱ्याने चौघांचं. आपापलं बिल देणं इथे नकार दिल्यासारखं वाटतं, आणि शेवटी हिशेब वाटून घेणं त्याहून वाईट. गोम वेळेत असते. सगळ्यात भरभर पिणाऱ्याच्या ग्लासात चतुर्थांश उरलं की ज्याची पाळी आहे त्याने उठून ‘सेम अगेन?’ विचारायचं. तुमचा ग्लास अर्धा भरलेला असला तरी नवा येतो. नको असेल तर तेव्हाच सांगा. तुमची पाळी यायच्या आत ‘ट्रेन आहे’ म्हणून निसटलात तर तोंडावर कोणी काही बोलणार नाही, पण वर्षभर लक्षात ठेवतील. लवकर जायचं असेल तर पहिला किंवा दुसरा राउंड स्वतः घ्या, किंवा आल्या आल्याच सांगा की एकच घेणार आहे, माझं मी आणतो. सोडा पिणाऱ्याने इतरांच्या बिअरचे पैसे भरायचे का? हो, पाळी आली की भरायचे. गट समजूतदार असेल तर तेच तुम्हाला सोडवतात, आपण मागणी करायची नाही.

टिप देत नाहीत. फारच खूश असाल तर ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’ म्हणा. बारवाला एका पेयाएवढे पैसे स्वतःसाठी धरतो. बंद होण्याआधी घंटा वाजते, ती ‘लास्ट ऑर्डर्स’ची. त्यानंतर ग्लास संपवायला साधारण वीस मिनिटं मिळतात. रेस्टॉरंटमध्ये गणित वेगळं: बिलात दहा-साडेबारा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ बहुधा आधीच जोडलेला असतो, तो तपासा, म्हणजे दोनदा द्यावा लागणार नाही.

कचेरीतला चहा

१९८० साली ब्रिटिश मानक संस्थेने चहा कसा तयार करावा याचं चक्क मानक काढलं, बी.एस. ६००८: शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. ते चव तपासणाऱ्यांसाठी होतं, कचेरीत कोणी पाळत नाही. पण कचेरीचे स्वतःचे नियम असतात.

उठलात आणि किटलीकडे निघालात की जवळच्या सगळ्यांना विचारायचं: ‘एनीवन वॉन्ट अ ब्रू?’ लंडनकडे ‘कपा’. प्रत्येकाचं लिहून घ्या. ‘व्हाइट, वन’ म्हणजे दूध आणि एक चमचा साखर. ‘बिल्डर्स टी’ म्हणजे कडक. पाणी उकळताच पिशवीवर ओता, तीन-चार मिनिटं ठेवा, पिशवी काढा आणि मग दूध. पिशवी आत असताना आधी दूध घातलंत तर पाणी निवतं आणि चहा उतरतच नाही, नुसतं करडं कोमट पाणी राहतं. इथे एवढ्यावरून माणसाची परीक्षा होते. दूध थंडच असतं, साधारण दोन मोठे चमचे. आपल्यासारखा अर्धा कप नव्हे. फ्रिजमधल्या दुधावर कोणाचं नाव असेल तर त्याला हात लावू नका, मगाचंही तसंच. वापरलेली पिशवी बेसिनमध्ये न टाकता कचऱ्यात टाका. दिवसभर इतरांच्या हातचा चहा पिऊन स्वतः एकदाही न उठणारा माणूस बदनाम होतो.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांचे सापळे

उत्तर इंग्लंडमध्ये ‘डिनर’ दुपारी आणि ‘टी’ संध्याकाळी पाच-सहाला, म्हणजे पोटभर जेवण. ‘कम फॉर युअर टी’ असं बोलावणं आलं तर जेवून जाऊ नका. दक्षिणेत दुपारचं ‘लंच’ आणि रात्रीचं ‘डिनर’ किंवा ‘सपर’. स्कॉटलंडमध्ये ‘फिश सपर’ म्हणजे मासा आणि चिप्स. साध्या पावालाही गावागणिक नावं आहेत: मँचेस्टरला ‘बार्म’, नॉटिंगहॅमला ‘कॉब’, कोव्हेंट्रीला ‘बॅच’. चुकलात तरी पाव मिळतो, सोबत एक छोटं भाषणही.

मासे-चिप्सच्या दुकानाला ‘चिपी’ म्हणतात. मागणी दिली की दोन प्रश्न येतात: ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ आणि ‘ओपन ऑर रॅप्ड?’ लगेच खायचं असेल तर ‘ओपन’. एडिंबरात व्हिनेगरऐवजी ‘सॉस’ विचारतात. उत्तरेत तळणीतला पिठाचा चुरा ‘स्क्रॅप्स’ म्हणून फुकट मिळतो. यॉर्कशरकडे आणि इतरही काही ठिकाणी तळण बैलाच्या चरबीत असतं, तेव्हा नुसत्या चिप्स घेतल्या तरी त्या शाकाहारी नसतात. ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ असं विचारलं तर कोणाला राग येत नाही.

नावांवर जाऊ नका. ‘मिन्स’ म्हणजे खिमा, पण नाताळातल्या ‘मिन्स पाय’मध्ये सुकामेवा असतो, त्यातही ‘सुएट’ ही प्राण्याची चरबी असू शकते, म्हणून ‘व्हेजिटेबल सुएट’ लिहिलंय का ते पाहा. ‘ब्लॅक पुडिंग’ हे रक्ताचं सॉसेज आहे. ‘टोड इन द होल’ ही पिठात भाजलेली सॉसेजेस, ‘वेल्श रॅबिट’मध्ये मात्र ससा नाही, चीज टोस्ट आहे. जेली आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन, वुस्टरशर सॉसमध्ये बहुतेकदा मासा.

सगळ्यात मोठी गफलत ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची. इथल्या व्याख्येत अंडं शाकाहारी आहे. अंडं खात नसाल तर ‘नो एग’ वेगळं सांगा, नाहीतर ‘व्हीगन’ निवडा आणि दूध-तूप सोडायची तयारी ठेवा. एक सोपी युक्ती: कायद्याने चौदा पदार्थांची अ‍ॅलर्जीची माहिती द्यावीच लागते आणि अंडं, दूध, मासे त्यात येतात. ‘कॅन आय सी द अ‍ॅलर्जन लिस्ट?’ म्हटलं की तक्ता पुढे येतो. मांस मात्र त्या चौदात नाही, ते तोंडी विचारावंच लागतं. आणि दुकानात ‘बॉम्बे मिक्स’ दिसलं तर ते फरसाणच, ‘बॉम्बे डक’ म्हणजे आपला बोंबील.

न बोललेलं ऐकायचं कसं

१९५१च्या एप्रिलमध्ये कोरियात इमजिन नदीवर चिनी सैन्याने ब्रिटिश ब्रिगेडला वेढलं. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकी वरिष्ठाला कळवलं की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. इंग्रजाच्या कानाला तो आकांत होता. अमेरिकी सेनापतीला वाटलं, थोडी अडचण आहे, निभावतील. त्या ब्रिगेडमधल्या ग्लॉस्टरशर पलटणीतले थोडेच जण तिथून सुटू शकले.

कचेरीत प्राण जात नाहीत, प्रोजेक्ट जातात. म्हणून ‘अ बिट’ हा शब्द आला की धोक्याची पातळी दोन पायऱ्या वर धरा. ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणजे मोठा प्रश्न. ‘यू माइट वॉन्ट टू लुक अ‍ॅट दॅट’ हा सल्ला नव्हे, दुरुस्त करण्याची सूचना आहे. ‘व्हेन यू गेट अ मिनिट’ म्हणजे आज. ‘इंटरेस्टिंग’ एकटंच आलं तर कल्पना आवडलेली नाही. ‘विथ रिस्पेक्ट’नंतर आदर येत नाही. ‘नॉट बॅड’ म्हणजे चांगलं, ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’ म्हणजे उत्तम. ‘क्वाइट गुड’ मात्र बेताचं: भारतीय आणि अमेरिकी माणूस ते वाचून खूश होतो आणि मूल्यमापनाच्या वेळी चकित. तुमची थट्टा होत असेल तर ती बहुतेकदा स्वीकारल्याची खूण असते. लोक अतिसभ्य झाले की काळजी करा.

आमंत्रणाची कसोटी सोपी आहे. ‘वी मस्ट हॅव यू राउंड’मध्ये तारीख नाही, म्हणजे आमंत्रण नाही. तारीख-वेळ दिली तर ते पक्कं. सातला बोलावलं असेल तर सात-दहाला जा. दहा मिनिटं आधी जाणं हे अर्धा तास उशिरा जाण्याइतकंच वाईट, कारण यजमान तेव्हा आंघोळीत किंवा ओव्हनपाशी असतो. चॉकलेट, फुलं किंवा बाटली न्या आणि दारातच ‘बूट काढू का?’ विचारा. उठायची वेळ झाली की यजमान गुडघ्यांवर थाप मारून ‘राइट!’ म्हणतो. मग बसून राहू नये. फोनवर हेच ‘आय विल लेट यू गेट ऑन’ असं येतं: तुमच्या कामाची काळजी दाखवत त्याला फोन ठेवायचा असतो.

बोलीतले शब्द

‘नॅकर्ड’ थकलेला, ‘स्किंट’ कफल्लक, ‘चफ्ड’ खूश, ‘गटेड’ निराश, ‘पेकिश’ थोडी भूक लागलेला, ‘डॉजी’ संशयास्पद, ‘फाफ’ उगाचची खटपट, ‘निक’ चोरणं. हे कुठेही चालतात. ‘पिस्ड’ म्हणजे दारू चढलेला. रागाला पुढे ‘ऑफ’ लागतो. शिव्यांची तीव्रता नव्या माणसाला समजत नाही, म्हणून सौम्य ‘ब्लडी’च्या पुढे न जाणं बरं. ऑफकॉम ही प्रसारणावर देखरेख करणारी संस्था लोकांना विचारून शब्दांची तीव्रता ठरवते. त्यात ‘ब्लडी’ सौम्य गटात आहे.

लंडनच्या कॉकनी बोलीत यमकाचा खेळ आहे. मूळ शब्दाशी जुळणारा जोडशब्द घ्यायचा आणि यमकाचा भाग गाळून टाकायचा. ‘लुक’साठी ‘बुचर्स हुक’, मग उरतं ‘हॅव अ बुचर्स’. ‘हेड’साठी ‘लोफ ऑफ ब्रेड’, म्हणून ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोकं चालव. ‘लाय’साठी ‘पोर्क पाय’, म्हणून ‘पोर्की’ म्हणजे थाप. ‘रुबी’ म्हणजे करी, कारण रुबी मरी नावाची गायिका होती. यमक गाळलेलं असल्यामुळे तर्काने अर्थ लागत नाही, विचारूनच घ्यावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये ‘वेअर डू यू स्टे?’ म्हणजे तुम्ही राहता कुठे, हुबेहूब आपल्या इंग्रजीसारखं. इंग्लंडमध्ये हेच विचारलं तर समोरचा हॉटेलचं नाव सांगेल. यॉर्कशरमध्ये ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. वेल्समध्ये ‘नाउ इन अ मिनिट’ म्हणजे थोड्या वेळाने, केव्हातरी.

आणि नाशिककरांसाठी खास: कोणाचं डोकं फिरलं असेल तर इथे म्हणतात ‘ही हॅज गॉन डूलॅली’. हे देवळाली. एकोणिसाव्या शतकात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे. त्या कंटाळ्याने आणि उन्हाने जे व्हायचं त्याला ‘डूलॅली टॅप’ नाव पडलं, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आज हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना देवळाली नकाशावर दाखवता येणार नाही.

घर आणि कॅलेंडर

न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायला वाट नसते. बादली-मगाने टबच्या बाहेर आंघोळ केली तर पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं आणि दुरुस्तीचे पैसे तुमच्या अनामतीतून जातात. पडदा टबच्या आत सोडायचा, बाहेर पायपुसणं. जुन्या घरांत गरम आणि थंड नळ वेगळे असतात, कारण गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं आणि ते पिण्याच्या पाण्यात मिसळू द्यायचं नव्हतं. बेसिनला बूच लावून त्यात दोन्ही मिसळा. न्हाणीघरात दिव्याला दोरी असते, साधा प्लग तिथे नसतो. फोडणी घालताना खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा, नाहीतर धुराचा भोंगा वाजून विद्यार्थी वसतिगृह रिकामं करावं लागतं. भोंग्यावर मोजा चढवणं बेकायदेशीर ठरू शकतं आणि धोक्याचं तर आहेच. कचऱ्याच्या डब्यांचे रंग आणि वार प्रत्येक नगरपालिकेचे वेगळे. शेजाऱ्याचा कोणता डबा बाहेर आहे ते बघणं हाच सगळ्यांचा मार्ग.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. घरी फोन करताना फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच. इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी दहा ते सहा या वेळेत फक्त सहा तास उघडी असतात. २५ डिसेंबरला लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वे बंद असते, देशभरात आगगाड्या जवळपास नाहीतच. सामान आदल्या दिवशी भरा. ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात, दुकानातसुद्धा.

दिवाळीचे फटाके इंग्लंडमध्ये कायदेशीर आहेत. एरवी रात्री अकरानंतर बंदी असते. ५ नोव्हेंबरच्या ‘बॉनफायर नाइट’ला ती बारापर्यंत आणि दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत शिथिल होते. खरेदी अठरा वर्षांवरील व्यक्तीनेच करायची, आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी फोडायचे नाहीत. सोसायटीच्या आवारात लावायचे असतील तर आधी घरमालकाला विचारा आणि शेजाऱ्यांच्या दारात चिठ्ठी टाका. कुत्री असलेल्या घरांना ती लागतेच. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे आहेत, तिथे स्थानिक नगरपालिकेचं पान बघून घ्या.